सवयीने पुसलेली हनुवटी

माझा थोरला भाऊ पासपोर्ट फोटो काढतो. गल्लीत एक खोली, मागे पांढरा पडदा, एक फिरतं स्टूल आणि भिंतीवर आरसा, एवढं त्याचं राज्य. तीस वर्षं तो गिऱ्हाइकांना एकच वाक्य ऐकवतोय, "हनुवटी खाली घ्या, जरा अजून, बस." मग कॉम्प्युटरवर बसून चेहऱ्याची साफसफाई. मुरुम काढायचे, गाल थोडे आत घ्यायचे, तेही कुणी न सांगता. माझ्या गालावरचा मस त्याने असाच उडवला होता आणि मी खूश झाले होते, हे आधीच कबूल केलेलं बरं.

हल्ली शाळेतली पोरंही एकेकटी येतात. मोबाईलवर भलत्याच कुणाचा तरी चेहरा दाखवून म्हणतात, "काका, जबडा असा करा." दादा करून देतो. गिऱ्हाईक राजी तर आपलं काय जातं, हे त्याचं तत्त्वज्ञान.

त्याची मुलगी दहावीत आहे. अंगाने भरलेली, खळखळून हसणारी. तिला आरशासमोर रेंगाळताना मी कधी पाहिलं नव्हतं. परीक्षेच्या फॉर्मसाठी शनिवारी तीही त्या स्टुलावर बसली. मी दादाचा डबा घेऊन गेले होते. त्याने फोटो छापून तिच्या हातात दिले. तिने फोटो पाहिला, आरशात पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला.

"बाबा, हनुवटीखालचं कुठे गेलं?"

"सगळ्यांचं काढतो तसं काढलं. सवय गं."

"मी सांगितलं होतं?"

दादा कॉम्प्युटरकडे वळला.

"म्हणजे तुला ते आधीपासून दिसत होतं," ती म्हणाली.

मी आपली शहाणी, मध्येच बोलले, "अगं, माझा मसही काढला होता त्याने." झालं, आगीत तेल. ती माझ्या गालाकडे बघत राहिली आणि मला उगाचच तोंड फिरवावंसं वाटलं.

मूळ फोटो द्यावा, तर दादाने नेहमीप्रमाणे त्याच्यावरच नवा सेव्ह केलेला. पुन्हा काढू म्हटलं, तर ती निघूनच गेली. चार दिवसांत पोरगी हनुवटीखाली हात धरून हसायला लागली. तेही कमीच.

दादा माझ्याकडे येऊन बसला. "करायला गेलो एक आणि झालं भलतंच. मला ती आहे तशीच आवडते गं. मग माझा हात का गेला?"

मला काय ठाऊक? त्याला झापावं तर माझा तो मस उडवलेला फोटो अजून कपाटावर उभा आहे.

फॉर्मच्या शेवटच्या दिवशी मीच तिला दुकानात घेऊन गेले. दादाने आधीच शपथ घेतली, या फोटोला हात लावणार नाही. ती स्टुलावर बसली. मान ताणलेली, गाल आत ओढलेले, श्वास रोखलेला. दादाने कॅमेरा उचलला.

"हनुवटी खा..." म्हणाला आणि थांबला.

ती तशीच ताणून बसलेली. खाली घे म्हणावं तरी पंचाईत, राहू दे म्हणावं तरी पंचाईत.

"बाबा, सांग ना. वर घेऊ की खाली?"

दादाने माझ्याकडे पाहिलं. तिनेही पाहिलं. मला काहीतरी बोलायचं होतं, पण तेवढ्यात लक्षात आलं की माझा हात गालावर आहे, मस झाकून.