दोन्ही गॅसच की!

वेल्डिंगवाल्यांना आणि सोडावाल्यांना सिलिंडर पुरवणाऱ्या माणसाला सगळे ‘बाटलीशेठ’ म्हणत. उभा जन्म गॅसमध्ये गेला, त्यामुळे गॅसबद्दल शेवटचा शब्द आपलाच, अशी त्याची पक्की समजूत.

“अगं, कार्बन डायऑक्साइड सोडला की तोटीवर बर्फ धरतो,” तो लेकीला चिडवायचा. “तो जगाला काय तापवणार? दिसत नाही, वास नाही, आणि म्हणे उष्णता अडवतो!”

लेक शाळेत विज्ञान शिकवायची, पण हंगामी. नोकरी कायम व्हायची तर मुख्याध्यापिकाबाईंसमोर पाठ घ्यायचा होता. तिने कॉलेजातून उष्णता टिपणारा कॅमेरा उसना आणला. “बाबा, तेवढा कार्बन डायऑक्साइड आणा. बाकीचं मी बघते.”

नेमका त्याच्याकडचा संपला होता. सोडावाल्याकडे एक भरलेला होता, पण तिथवर जातो कोण? त्याने वेल्डिंगचा आर्गॉन उचलला. दोन्ही गॅसच की! नाहीतरी दिसणार आहे काय, डोंबल?

वर्गात पेटती मेणबत्ती, पुढे लांब नळी, पलीकडे कॅमेरा. “गॅस भरला की पडद्यावरची ज्योत दिसेनाशी होईल,” लेक म्हणाली. बापाने सिलिंडरची चावी सोडली. ज्योत जशीच्या तशी. पोरं खिदळली.

“मी सांगतच होतो!” बाटलीशेठ बोलून गेला. मागच्या बाकावरून मुख्याध्यापिकाबाईंनी वहीत काहीतरी टिपलं.

व्हरांड्यात लेक हळूच म्हणाली, “काल खायचा सोडा आणि व्हिनेगरपासून केलेला कार्बन डायऑक्साइड भरला तेव्हा पडद्यावरची ज्योत दिसेनाशी झाली होती, बाबा. आज माझंच काहीतरी चुकलं.”

त्याचे कान तापले. आत कोणता गॅस आहे ते सांगणारा सिलिंडरचा रंगसुद्धा तिने बघितला नव्हता. बापाने आणलाय म्हणजे बरोबरच असणार. संशय घेतला असता तर निदान भांडता तरी आलं असतं.

तो तडक सोडावाल्याकडे पळाला. धापा टाकत तो भरलेला सिलिंडर घेऊन परतला तेव्हा बाई वर्गातून निघायच्या बेतात होत्या.

“बाई, थांबा. पोरीची चूक नाही. मी दुसराच गॅस दिला. वाटलं, काय फरक पडतो.”

या वेळी कोणी खिदळलं नाही. ते जास्त लागलं.

बाई लेकीला म्हणाल्या, “पाठ पहिल्यापासून घ्या. आणि यांना बसायला जागा द्या.”

नव्या सिलिंडरची चावी सोडून तो पहिल्या बाकावर गुडघे दुमडून बसला. पडद्यावरची ज्योत अंधूक होत होत गेली. टेबलावरची मात्र मजेत जळत होती.

“आता कोण सांगेल, उष्णता कुठे अडली?” लेकीने वर्गाला विचारलं. बापाकडे तिने मुद्दामच बघितलं नाही.

बाटलीशेठने हळूच हात वर केला. मान मात्र खालीच होती.