कोपऱ्यातला हिरवा कर्सर

माझी भावजय शाळेत संगणक शिकवते. मुलं तिला पाठीमागे 'विचारलंस-का बाई' म्हणतात, कारण दिवसातून दहादा तिच्या तोंडी तेच असतं. वर्गातली सगळी मुलं आपापल्या पडद्यावरून एकाच प्रेझेंटेशनवर काम करतात. प्रत्येकाचा कर्सर वेगळ्या रंगाचा, शेजारी त्याचं नाव. दुसऱ्याची ओळ खोडायची असेल तर आधी बाजूच्या चौकटीत लिहून विचारायचं, उत्तराची वाट बघायची, मगच हात लावायचा. मला हे जरा अतीच वाटायचं. शेजारी बसलेल्या पोराला तोंडाने विचारता येत नाही का?

"ताई, तोंड दिसत नाही तेव्हाच माणसाची खरी रीत कळते," ती म्हणायची.

त्याच शाळेत माझा धाकटा भाऊ, म्हणजे तिचा नवरा, यंत्रं सांभाळायचा. मुलांना वेबपेज रचायलाही तोच शिकवायचा. मथळा कुठे, चित्र केवढं, लिंक उघडत नसेल तर काय करायचं. गेल्या वर्षी तो हृदयविकाराने गेला. तेव्हापासून आम्ही दोघी एका घरात राहतो, एकमेकींना धरून आणि अधूनमधून एकमेकींवर गुरगुरून.

यंदा प्रेझेंटेशनच्या कोपऱ्यात एक हिरवा कर्सर दिसू लागला. शेजारी भावाचं नाव. कोणीतरी खोडसाळपणा करतंय म्हणून भावजयीने त्याच्या खात्याचा पासवर्ड बदलला. दुसऱ्या दिवशी हिरवा परत हजर. लिहायचा काही नाही. एखादं वाकडं चित्र दिसलं की त्याच्यापाशी थांबायचा आणि हळूच ते सरळ करायचा. मुलं घाबरली नाहीत, याचीच मला जास्त भीती वाटली. एका मुलीने तर चौकटीत लिहिलं, "सर, ही ओळ खोडू का?" आणि हिरवा कर्सर ओळीवरून बाजूला सरकला.

ही गोष्ट घरोघरी पोचायला वेळ लागला नाही. मोठ्या बाईंनी भावजयीला बोलावून सांगितलं, शनिवारी ते खातं काढून टाका, नाहीतर पुढच्या सत्रापासून हा विषयच बंद. विषय बंद म्हणजे तिची नोकरी बंद.

"मग काढून टाक की," मी म्हटलं. "गेलेल्या माणसाचं खातं कशाला जिवंत ठेवायचं?" खरं सांगायचं तर मला पाणी कुठेतरी मुरतंय असं वाटत होतं. ही स्वतःच चोरून त्याच्या नावाने बसत असणार! म्हणून शनिवारी शाळा सुटल्यावर मीही तिच्याबरोबर गेले. लॅबमधल्या बाकी सगळ्या यंत्रांचे प्लग मी माझ्या हाताने उपटले. एकच पडदा चालू ठेवला.

तिने प्रेझेंटेशन उघडलं आणि हात मांडीवर ठेवले. हिरवा कर्सर आला. तिचे दोन्ही हात माझ्या डोळ्यांसमोर होते.

खातं काढून टाकायच्या बटणापर्यंत ती गेली आणि थांबली. "विचारायला हवं."

"अगं, कोणाला विचारतेस?"

तिने चौकटीत लिहिलं, "तुमचं खातं काढून टाकू का?"

आम्ही वाट बघत बसलो. पंखा तेवढा घरघरत होता. मग चौकटीत एकेक अक्षर उमटू लागलं, सावकाश, तो एका बोटाने टाइप करायचा तसं.

"तायडीला विचार."

भावजय माझ्याकडे वळली. "तायडी कोण, ताई?"

तिला कुठून ठाऊक असणार! लहानपणी भांडणात तो मला तायडे म्हणायचा. पुढे मोठा झाला, चारचौघांत ताई म्हणू लागला, आणि ते नाव आमच्या दोघांतच राहिलं. ते माहीत असलेलं माझ्याशिवाय जगात आता कोणी उरलेलं नव्हतं.

"सांगा ना, कोण?" तिने माझा दंड धरला. "त्यांच्या आयुष्यात कोणी होती का?"

"मी," मी म्हटलं. "मीच ती."

तिची नोकरी आता माझ्या एका शब्दावर होती, आणि तो शब्द मी आठवडाभर घरात ओरडून सांगत होते. काढ. आता मात्र तो काही केल्या ओठांबाहेर पडेना. मला माझा भाऊ हवा होता.

"मोठ्या बाईंना काय सांगायचं?" तिने विचारलं.

"सांग, नणंद नाही म्हणते."

मी कीबोर्ड माझ्याकडे ओढला. या यंत्राला मी कधी हात लावला नव्हता. अक्षरं शोधत शोधत लिहिलं, "राहा रे."