पाणी ओलांडलेलं मांजर

आमच्या आमोण्यात मांजर नकोसं झालं की त्याला गोणीत घालतात आणि पूल ओलांडून मांडवीपलीकडे सोडून येतात. पाणी ओलांडलेलं मांजर घर विसरतं म्हणे. हा शोध कुठल्या शहाण्याने लावला देव जाणे. पण मी तो खरा मानला आणि त्याचं प्रायश्चित्त मला जनावरांच्या दवाखान्यात घ्यावं लागलं.

मी तापट माणूस. खाणीवरच्या मशीनांच्या खडखडाटात तीस वर्षं ओरडून बोललो, तो आवाज निवृत्तीबरोबर घरी आला. दोन वर्षांपूर्वी बायको पेडण्याला माहेरी गेली होती आणि नेमके व्याही जेवायला आले. मी स्वतः इसवण माशाच्या तुकड्या तळल्या. हात धुऊन वळतो तर सगळ्यात मोठी तुकडी आमच्या मांजरीच्या तोंडात! व्याही पोट धरून हसले. मला मात्र राग आवरेना. ते गेल्यावर तिला गोणीत कोंबलं, स्कूटरवर पायाशी ठेवलं आणि माशेलच्या मासळी बाजारामागे सोडून आलो. वाटभर ती किंचाळत होती. बायको परतल्यावर म्हणालो, "गेली कुठेतरी. मांजराचा काय भरवसा!"

सातव्या दिवशी बया पायरीवर हजर. तळवे सोललेले, बरगड्या वर आलेल्या. कुत्री चुकवत, ट्रकांमधून तो पूल तिने कसा ओलांडला असेल! बायकोने तिला उचलून घेतलं आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं. आणि कमाल बघा, तेव्हापासून ती माझ्याच पायाशी झोपू लागली.

यंदा तिने खाणं सोडलं. गाल सुजला, लाळ गळायला लागली. मासळी हुंगायची आणि मागे सरायची. हाडं तेवढी राहिली.

"डॉक्टराकडे नेऊया हो," बायको म्हणाली. "असंच चाललं तर हातची जाईल ती."

मी उठलो आणि गोणी आणली. मांजर न्यायचं म्हणजे गोणी, दुसरं काही डोक्यात आलंच नाही. आणि दवाखाना होता पुलापलीकडे.

गोणीचं तोंड आवळलं मात्र, आत असा आकांत झाला की शेजारीण धावत आली. दवाखान्यात बाकाखाली तीन कुत्री. ती भुंकली, ही किंचाळली, आणि मी सगळ्यांच्या वर आवाज काढला, "गप्प बस गो!"

आतून डॉक्टर बाहेर आली. माझ्या मुलीच्या वयाची. ती म्हणाली, "काका, आधी तुम्ही गप्प बसा." चारचौघांत! पण तिचा आवाज इतका शांत होता की मी खरंच बसलो.

आत गोणी सोडताच मांजर माझ्या मनगटाला चावून थेट औषधांच्या कपाटावर. तोंड वासून कुत्र्यासारखी धापा टाकत होती. तिच्या खालून लघवी वाहिली. डॉक्टरने दिवा मंद केला, थोडा वेळ तिच्याकडे बघितलंही नाही. मग हळूच तिच्यावर हात पुसायचा तुवालो टाकला आणि गुंडाळून खाली घेतली.

"दाढ सडलीय. काढावीच लागेल," ती म्हणाली. "पण त्यासाठी भूल द्यावी लागते, आणि इतक्या घाबरलेल्या, अशक्त मांजरीला भूल देणं धोक्याचं. दुखणं आणि सूज कमी करायचं औषध देते. आठ दिवसांनी आणा. गोणीत मात्र नको." मग माझं मनगट धुवायला लावलं, इंजेक्शन घ्यायला बजावलं आणि विचारलं, "हिला आधी कधी गोणीत घातलं होतं?"

"नाही हो," बायको चटकन म्हणाली.

चोराच्या मनात चांदणं. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत राहिलो.

घरी माळ्यावर आंबे ठेवायची झाकणाची पांटली होती, बांबूची टोपली. डॉक्टरने सांगितलं होतं तशी ती सोप्यावर उघडी ठेवून दिली. पहिले दोन दिवस मांजर तिच्याकडे पाठ करून बसली. मग औषधाने दुखणं उतरलं, तसे मी उकडलेल्या तारल्याचे काटे काढून मऊ घास केले आणि पांटलीच्या तोंडाशी ठेवले. दुसऱ्या दिवशी थोडे आत, तिसऱ्या दिवशी तळाशी. झाकण क्षणभर लावायचं, काढायचं, घास द्यायचा. मग उचलून अंगणात एक फेरी. आणि हे सगळं हळू आवाजात. "घोवाला बरं नाही का गो?" शेजारणीने बायकोला विचारलं.

ठरल्या दिवशी भुलीसाठी तिला उपाशी ठेवायचं होतं, त्यामुळे घास नव्हता. माझा जीव टांगणीला लागला. आता शिरते की नाही? बायकोने माझी अंगातून काढलेली गंजी पांटलीत पसरली.

"माझी कशाला? तुझं लुगडं घाल."

"गंजीच बरी," ती म्हणाली. मांजर आत गेली, गंजी हुंगली आणि तिच्यावर बसली.

रिक्षा केली. पांटलीवर तुवालो टाकला. या वेळी आम्ही बाकावर बसलोच नाही. बाहेर रिक्षात थांबून फोन केला आणि बोलावल्यावर मागच्या दाराने आत गेलो. डॉक्टरने झाकण काढलं, गंजीसकट तिला तिथेच तपासलं. ती थरथरत होती, पण ओरडली नाही. तिला आत नेलं आणि रिकामी पांटली माझ्या मांडीवर राहिली.

थांबणं मला कधी जमलं नाही. शेवटी बोलून गेलो, "अगो, ती हरवली नव्हती. मीच तिला गोणीत घालून..."

"ठाऊक आहे."

"कोणी सांगितलं?"

"कोण कशाला सांगेल? तुमच्या स्कूटरवर गोणीचं सूत होतं आणि हातभर ओरखडे. मांजर डोळे मिटून दूध पितं, तसे तुम्ही."

"मग बोलली का नाहीस?"

"ती परत येऊन तुमच्याच पायाशी झोपली. तिने सोडून दिलं, मी काय बोलू?"

मी पांटलीत तोंड घातलं. रडलो, सरळ सांगतो. दाढ काढायला आणलेली मांजर परत मिळाली नाही तर, हा एकच विचार होता.

मिळाली. शुद्धीवर आल्यावर डॉक्टरने तिला खाली ठेवलं. चार पाय चार दिशांना चाललेले, पण बया डुलत डुलत आली आणि आपली आपण पांटलीत शिरली. "आता काळजी नको, काका," डॉक्टर म्हणाली. सायबा, किती हलकं वाटलं!

पुलावर रिक्षा आली तेव्हा तिने एकदा म्यांव केलं. मी तुवाल्याखाली बोट घातलं.

"घरा वतां गो, बाये," मी हळूच म्हणालो. "घरीच चाललोय."

तिने बोट हुंगलं आणि माझ्या गंजीवर डोकं टेकलं.