दोन जावा, दोन गोळ्या

लोणावळ्याजवळच्या औंढ्यातलं ते प्रकरण मी विसरू शकलेलो नाही. आमच्या पोलीस ठाण्यात सकाळची हजेरी चालू होती. एका घरातली धाकटी सून आली आणि म्हणाली, "जावंनं आमच्या सासूला विष घातलंय. म्हातारी डोळं उघडत न्हाई."

स्टेशन डायरीत नोंद करून मी महिला हवालदार आणि धाकटीसह, म्हातारीला ठेवलं होतं त्या लोणावळ्याच्या दवाखान्यात पोहोचलो. म्हातारी बेशुद्ध होती, थोरली सून उशाशी बसलेली. डॉक्टर म्हणाले, "झोपेच्या औषधाचा परिणाम दिसतो. नक्की काय, ते रक्ताचा अहवाल आल्यावर सांगेन."

म्हातारीला रोज झोपेची गोळी थोरली देत असे, डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणे. पाकीट तपासलं, गोळ्यांचा हिशेब बरोबर होता. तरीही संशय तिच्यावरच राहिला. खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा नोंदवला असता, तर ती त्याच दिवशी कोठडीत गेली असती.

मी धाकटीला विचारलं, "तिचाच संशय का?"

"सायेब, सासू गावभर सांगती, थोरलीच्या हाताला गुण हाय. पाय मीबी चेपती, माझं नाव न्हाई."

थोरली म्हणाली, "नाव पायजे तर पहाटं उठून पाणी तापीव की."

हवालदार बाईंनी सहज विचारलं, "काल तू काहीच केलं नाहीस?"

"केलं की," धाकटी ताठ्यात म्हणाली. "मेडिकलातनं सर्दी-अंगदुखीच्या गोळ्या आणल्या. झोपताना दोन दिल्या, हिच्या नकळत. म्हटलं, सकाळी कुणाच्या हाताला गुण म्हणती बघू."

तिनं पदराच्या गाठीतून काढलेलं त्या गोळ्यांचं पाकीट डॉक्टरांनी वाचलं. "यात वेदनाशामकाबरोबर अ‍ॅलर्जीचं औषध आहे. त्यानं गुंगी येते. झोपेच्या गोळीसोबत दिलं, तर या वयात श्वाससुद्धा मंदावतो."

"पर ती चिठ्ठीबिगर मिळती," म्हणत धाकटी खाली बसली.

जबाब नोंदवले, आणि रक्ताच्या अहवालातही तेच आल्यावर मी प्रकरण मिटवलं. तक्रारदार खोटं बोलत नव्हती. जावेबद्दलचा मत्सर इतका होता, की आपली गोळी तिला संशयास्पद वाटलीच नाही. मलाही तिच्या गोळीबद्दल विचारावंसं वाटलं नव्हतं. पुढे अशा प्रत्येक चौकशीत मी तक्रारदारालाच आधी विचारत असे, "तुम्ही काय दिलंत?"

दवाखान्यात नेल्याच्या दुसऱ्या दिवशी म्हातारी शुद्धीवर आली. दोघी खाटेजवळ उभ्या होत्या.

"लय गाढ झोपली गं," ती म्हणाली. "गोळी कुणी दिलती?"

धाकटी पायाशी बसून पाय चेपू लागली; थोरली पाणी आणायला वळली.