बंद करून ठेवलेलं कार्ड

पुण्याच्या एका कंपनीतल्या नोकरीची परीक्षा मला उमरीतल्या घरूनच द्यायची होती. कॉम्प्युटर कंपनीकडं आधीच नोंदवलेला, त्यामुळं दुसऱ्याचा चालणार नव्हता. आदल्या दिवशी सकाळी पाहते तर नेट गायब. मोबाइलला वायफाय मिळत होतं, कॉम्प्युटरला मात्र एकही नेटवर्क दिसेना.

बाबा शाळेत क्लार्क होते. निवृत्तीनंतर कॉम्प्युटर त्यांना मीच शिकवला. ते शेजारी खुर्ची ओढून बसले. "ड्रायव्हर उडाला असंल," म्हणाले. वायफायचं कार्ड ज्याच्यावर चालतं तो प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर, हेही त्यांना माझ्याकडूनच कळलेलं. दुपारच्या एसटीनं आम्ही दोघं नांदेडला गेलो, ओळखीच्या दुकानदाराकडून तो पेनड्राइव्हवर घेतला. येताना बसस्टँडवर बाबांनी मला उसाचा रस पाजला. घरी येऊन ड्रायव्हर टाकला, मशीन बंद करून चालू केली. काहीच फरक नाही. दुकानदार फोन उचलेना.

"ऱ्हाऊ दे आता," बाबा म्हणाले. "किती जिवाला लावून घेशील?"

दुसऱ्या दिवशी अकराला परीक्षा सुरू झाली असणार. मी पडद्यासमोर बसून होते. साडेबाराला दुकानदाराचा फोन आला. त्यानं मला डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे कॉम्प्युटरच्या भागांची यादी, उघडायला लावली.

"कार्डाच्या चिन्हावर खाली तोंड केलेला बाण हाय का, ताई?"

"हाय."

"मग ड्रायव्हर चांगला हाय. कार्डच कुणीतरी बंद करून ठेवलंय. त्याच्यावर राइट क्लिक करा, इनेबल म्हना."

दोन क्लिकमध्ये नेट आलं. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच.

बाबा दारात उभे होते. त्यांनी फोनवरचं सगळं ऐकलं होतं.

"तू गेल्यावर मी हिथं कुणाशी बोलू?" ते म्हणाले.

"मग तसं सांगायचं ना, बाबा. माझ्यासंगं नांदेडला कशाला आलात?"

बाबांनी कार्ड बंद केलं, ते मी कदाचित समजून घेतलं असतं. पण दिवसभर माझ्याबरोबर बिघाड शोधत हिंडले, ते अजून पचत नाही.

कंपनीनं पुन्हा वेळ दिली नाही. आता मी नांदेडच्या एका दवाखान्यात काम करते, रोज ये-जा करते. बाबा सकाळी डबा भरून देतात. कॉम्प्युटरला मी पासवर्ड टाकला आहे. त्यांनी तो कधी विचारला नाही.