उस्तादाच्या घरची फरशी

आमच्या भागातली निम्मी माणसं सकाळी उठून ज्या फरशीवर पहिलं पाऊल टाकतात, ती माझ्या शेजाऱ्याने बसवलेली आहे. दवाखान्यातली त्याची, शाळेच्या वऱ्हांड्यातली त्याची, पोस्टातली त्याची. सगळे त्याला उस्ताद म्हणतात. अशा या उस्तादाने फक्त एकाच घरात फरशी बसवली नाही, ते म्हणजे स्वतःच्या. खरं सांगायचं तर बाहेरच्या दोन खोल्यांत बसवली होती, राहिलं होतं ते स्वयंपाकघर. पण गोष्ट सांगताना मी तेवढी ताणतोच.

स्वयंपाकघर एकतीस वर्षं राहिलं. घर बांधलं तेव्हा उस्ताद वहिनींना म्हणाला होता, "तुझ्या स्वयंपाकघरात मी ऐरीगैरी फरशी घालणार नाही. मनासारखी मिळू दे." वहिनी तेव्हा नव्या होत्या, त्यांना ते प्रेम वाटलं. सिमेंटचा कोबा रोज झाडावा आणि रोज त्यातून धूळ निघावी, हे पाच-सहा वर्षं चालल्यावर ते प्रेम नव्हे, हट्ट आहे हे त्यांच्या लक्षात आलं. पुढे त्यांनी ओट्यासमोर चटईचा एक तुकडा टाकला. मग दुसरा. मग चटयांवर चटया. त्या स्वयंपाकघरात चहा मागायला गेलं की होडीत उभं राहिल्यासारखं वाटायचं.

दरवर्षी थंडी ओसरली की आमच्याकडचे सगळे बिल्डर एक होतात आणि तीन दिवस आपापली नवी घरं लोकांना बघायला उघडी ठेवतात. नकाशा छापतात, घरांना नंबर देतात, दारात बुटांवर चढवायला निळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या ठेवतात. घर घेणारी माणसं त्यात फार थोडी. बाकीची सगळी आमच्यासारखी, दुसऱ्यांची कपाटं उघडून बघण्याची हौस असलेली. आतला थाट काय विचारता! टेबलावर फळं, ती मेणाची. हे मला दाताने कळलं. फडताळात पुस्तकं, ती आतून पुठ्ठ्याची. झोपायच्या खोलीत पलंग असा छोटा की खोली ऐसपैस दिसावी. एका वर्षी एक नवराबायको मुलांची खोली कुठली यावरून असे भांडले की बाई तिथल्याच पलंगावर रुसून बसली. ते घर त्यांनी घेतलं नाहीच. त्यांना मुलंही नव्हती.

उस्ताद, वहिनी आणि मी अशी आमची तिघांची वारी गेली अकरा वर्षं चालू होती. गाडी माझी. वहिनींना फरशी निवडायची असायची, उस्तादाला नाकारायची असायची आणि मला दोघांची भांडणं ऐकायची असायची. तिघांचीही सोय व्हायची.

उस्तादाची हत्यारं दोन. एक, खिशातली बेअरिंगची गोळी. ती फरशीवर ठेवायची; घरंगळली तर उतार चुकला. दुसरं, हातोडीचा वीतभर जुना लाकडी दांडा. त्याने फरशीवर ठोकायचं. खाली सिमेंटचा माल नीट भरलेला असेल तर टणटणीत आवाज येतो, पोकळ राहिली असेल तर ढप असा. तो "ढप" ऐकायला उस्तादाचे कान इतके आसुसलेले असायचे की बिल्डरची माणसं त्याला बघून पडदे सारखे करायला लागत. यंदा त्याने त्या दांड्याला लांब काठी बांधून आणली होती, म्हणजे उभ्या उभ्या ठोकता यावं. "कंबर वाचते," म्हणाला. मागच्या वर्षी एका बाथरूममध्ये तो ठोकायला खाली बसला तो बसलाच. मी आणि एक अनोळखी गृहस्थ, दोघांनी मिळून त्याला उपटून काढला होता.

यंदा गाडीत बसल्या बसल्या वहिनींनी नकाशा मांडीवर उलगडला आणि शांतपणे म्हणाल्या, "अहो, आज सतरा घरं आहेत. सतराव्या घराच्या दारातून बाहेर पडायच्या आत एक फरशी पसंत करा."

"आणि नाही पडली पसंत तर?"

"तर सोमवारी तुमचा चेला येईल आणि त्याच्या पसंतीची बसवून जाईल. मी बोलले आहे त्याच्याशी."

उस्तादाने पुढच्या सीटवरून मान अशी वळवली की मला वाटलं आता ती तिकडेच राहणार.

"तो? त्याला थापी धरायला मी शिकवलं! तो माझ्या घरात येऊन फरशी बसवणार?"

"म्हणूनच त्याला बोलावलंय. परक्याला बोलावलं असतं तर लोक हसले असते."

"लोक आताच काय कमी हसतात?" मी म्हणालो.

"तू गाडी चालव," उस्ताद म्हणाला.

हा चेला म्हणजे आता पन्नाशीला टेकलेला, पोट सुटलेला, हाताखाली वीस माणसं असलेला मोठा कंत्राटदार. पण उस्तादासमोर आला की अजून पोट आत घेऊन उभा राहतो. सतराव्या नंबरच्या घरातली फरशी त्याने स्वतःच्या हाताने बसवलीय, ही बातमी मला लागली होती, आणि माझ्या पोटात काही राहत नसल्यामुळे ती वहिनींनाही लागली होती. उस्तादाला तेवढी कुणी सांगितली नव्हती.

फेरी सुरू झाली. पहिल्या घरात वहिनींनी विचारलं, "ही कशी आहे?"

"पोकळ."

चौथ्या घरात, "आणि ही?"

"उतार आहे. इथे म्हातारी माणसं दाराकडून खिडकीकडे आपोआप जातील."

सातव्या घरात, "ही तर छान आहे हो."

"रंग बघ. आजारी दिसते."

नवव्या घरात तर कहर झाला. उस्ताद काठीने ढप ढप करत दिवाणखाना पालथा घालत होता. एक जोडपं खरोखरच घर घ्यायला आलं होतं. त्यांना वाटलं हा कुणी सरकारी तपासनीस. नवऱ्याने नम्रपणे विचारलं, "साहेब, काय वाटतं?" उस्ताद म्हणाला, "माणसं हलकी असतील तर घ्या." ते जोडपं निळ्या पिशव्या न काढताच रस्त्याला लागलं. घर दाखवणारी बिल्डरकडची मुलगी धावत आली, हात जोडून म्हणाली, "काका, मी तुम्हाला शेजारच्या बिल्डरचं घर दाखवते. तिथे ठोका ना!"

सोळा घरं झाली. सोळा वेळा नाही. वहिनी एकदाही चिडल्या नाहीत, हे मला बरं लक्षण वाटेना. उस्ताद मात्र खुशीत होता. एक घर उरलं होतं आणि नाक मुरडायला त्याला एका घरात अर्धं मिनिट पुरायचं.

सतरावं घर फार मोठं नव्हतं. दारात चेला उभा होता. त्याने वाकून नमस्कार केला. उस्तादाने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा वहिनींकडे आणि मग बराच वेळ माझ्याकडे. मी छत बघायला लागलो. छतही चांगलं होतं.

"तू बसवलीस?"

"हो, उस्ताद."

"बघू."

फरशी करड्या रंगाची, साधी. उस्तादाने दिवाणखान्याच्या मधोमध गोळी ठेवली. गोळी ठेवली तिथेच बसली, जशी काही तीही दमली होती. मग काठी. टण. टण. टण. भिंतीच्या कडेने, खिडकीखाली, उंबऱ्याजवळ, जिथे मालाची हमखास चोरी होते अशा सगळ्या जागी. टण. बघायला आलेली माणसं आधी वैतागली, मग गंमत वाटून मागे मागे फिरू लागली. झोपायची खोली झाली, बाथरूम झालं. उस्तादाच्या चेहऱ्यावरची खुशी खोलीगणिक उतरत गेली. वहिनी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

शेवटी तोही स्वयंपाकघरात आला. टण, टण, टण. सगळी फरशी झाली. उरला तो सिंकखालचा कोपरा. तिथे काठी पोचेना. उस्तादाने कपाटाचं दार उघडलं, काठीचा दोरा सोडून दांडा हातात घेतला आणि ओट्याला धरून हळूहळू खाली बसला. मी अनोळखी गृहस्थ कोण मिळतो ते बघून ठेवलं.

ढप.

"सापडली!" उस्ताद असा ओरडला की एका बाईंच्या हातातली मेणाची फळं पडली. "ऐका! सगळ्यांनी ऐका! अख्खी पोकळ आहे! खाली मालच नाही! हाच चोरपणा! वीस माणसं हाताखाली ठेवली की असंच होणार. आणि हा माझ्या घरात फरशी बसवणार!"

सगळे चेल्याकडे बघायला लागले. चेल्याने पोट आत घेतलं.

"उस्ताद," तो म्हणाला, "ती मुद्दाम आहे."

"मुद्दाम? चोर कधी चुकून चोरी करतो का?"

चेला त्याच्या शेजारी खाली बसला. खिशातून पातळ पट्टी काढून त्याने फरशीच्या कडेला घातली आणि ती अल्लद उचलली. खाली चार ठिपके मालाचे, आणि मधे पाइपचा सांधा.

"तुम्हीच शिकवलंत. जिथे खाली सांधा असेल तिथली एक फरशी नुसती ठिपक्यांवर टेकवायची. उद्या सांधा गळला तर प्लंबर ती एक उचलेल. नाहीतर अख्खी खोली फोडेल. पहिल्या वर्षी मी ती घट्ट बसवली होती, तेव्हा तुम्ही माझ्या पाठीत दांडा घातला होता." त्याने उस्तादाच्या हाताकडे बोट केलं. "हाच दांडा."

गुरूची विद्या गुरूला मिळताना मी पुष्कळदा ऐकली होती, पाठीत बसलेल्या दांड्यासकट परत आलेली पहिल्यांदाच पाहिली. कुणी हसलं नाही. मलाही हसू आलं नाही, आणि मी तर मयताला गेलो तरी हसण्यासारखं काहीतरी शोधतो. उस्ताद त्या उघड्या चौकोनाकडे बघत राहिला. आपलाच नियम तो विसरला होता. चुकलेली फरशी त्याला नेहमी सापडायची. आज बरोबर बसलेल्या फरशीला त्याने चूक ठरवलं होतं, तेही भर सभेत.

"अहो," वहिनी स्टुलावरूनच म्हणाल्या, आवाज एकदम मऊ, "हे सतरावं घर आहे."

उस्तादाने फरशी परत जागेवर ठेवली. तिच्यावरून हात फिरवला.

"बरी आहे," तो म्हणाला.

एकतीस वर्षांत त्याच्या तोंडून हा शब्द मी ऐकला नव्हता. त्याच्या स्वतःच्या लग्नाच्या फोटोलासुद्धा तो "चालेल" म्हणाला होता.

"मग हीच घ्यायची," वहिनी म्हणाल्या.

"हीच. पण बसवणार मी."

उस्ताद अजून खालीच होता. एका हाताने ओट्याची कड धरली होती, आणि उठायचं कसं हे त्याला कळत नव्हतं. वहिनींनी त्याच्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे बघितलं. तेव्हा कुठे माझ्या जाड डोक्यात प्रकाश पडला. पहिली वीस वर्षं त्याला खरंच फरशी पसंत पडत नव्हती. पुढच्या अकरा वर्षांचं मात्र काही सांगता येत नाही.

"तुम्हीच बसवा, उस्ताद," चेला म्हणाला. त्याने काखेत हात घालून त्याला उचललं, जणू काही सहज. "मी माल कालवून देईन. पूर्वीसारखा."

सोमवारी मी माझ्या खिडकीत खुर्ची लावून बसलो. तिथून त्यांचं स्वयंपाकघर पूर्ण दिसतं. खिडकी मी त्यासाठी पाडून घेतलेली नाही, पण बुजवलेलीही नाही. उस्ताद उशीवर गुडघे टेकून खिडकीच्या बाजूने, चेला दाराच्या बाजूने. चेला मुद्दाम रमतगमत काम करत होता, तरी दुपारपर्यंत त्याच्या पाच ओळी झाल्या आणि उस्तादाच्या दोन. उस्तादाची थापी थरथरत होती. पण शिव्या मात्र चेल्यालाच: "हात चालव! पोटावर चालतोस काय?" चेला "हो उस्ताद, हो उस्ताद" करत होता आणि असा खुश दिसत होता की वीस माणसांचा मालक वाटेना.

उस्ताद चहा घ्यायला बाहेरच्या खोलीत गेला. चेल्याने इकडेतिकडे पाहून उस्तादाच्या ओळीतली एक फरशी ठोकली आणि पट्टी काढून उचलायला गेला. वहिनींनी पुढे होऊन त्याचा हात धरला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. एवढं मला ओठांवरून कळलं.

आठवड्याने मला बोलावणं आलं. दारात गेलो तर तिथे एक टोपली. टोपलीत निळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या! अकरा वर्षांत प्रत्येक घरातून वहिनींनी जपून आणलेल्या.

"भावजी, आधी त्या चढवा. आज आमचं घर बघायला उघडं आहे."

चढवल्या. आत गेलो. चटया नाहीत, धूळ नाही, करडी फरशी ओट्यापासून दारापर्यंत आरशासारखी. वहिनी अनवाणी चालत होत्या, कारण नसताना इकडून तिकडे, पुन्हा तिकडून इकडे. उस्ताद स्टुलावर बसून छत बघत होता. खुंटीला तो दांडा टांगला होता. आता असा दांडा समोर दिसल्यावर माझ्यासारख्या माणसाने काय करावं? मी तो काढला.

टण. टण. टण. सिंकखाली ढप.

"ती मुद्दाम आहे," उस्ताद म्हणाला. बरोबर. मी पुढे सरकलो. टण, टण, आणि गॅसच्या शेगडीजवळ ढप. मी उस्तादाकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते.

"तीही मुद्दाम आहे," वहिनी म्हणाल्या.

मी खिडकीकडे गेलो. तिथे दहा हातांत पाइप नाही, सांधा नाही, नळाचा थेंब नाही. ढप.

"भावजी," वहिनी म्हणाल्या, "तीही मुद्दाम आहे. आणि तो दांडा आता जागेवर ठेवा, चहा गार होतोय."

मी दांडा जागेवर ठेवला आणि चहा प्यालो. पण खोड ती खोड. संध्याकाळी चेला कामावर भेटला तेव्हा मी त्याला बाजूला घेऊन कुजबुजलो, "काय रे, उस्तादाच्या घरात तीन फरश्या पोकळ आहेत!"

त्याने हातातल्या फरशीवरून मानही वर केली नाही.

"चार," तो म्हणाला. "सगळ्या मुद्दाम आहेत."