मास्तरांनी दिलेले पाच तारे

एक गंमत सांगतो. कुणाला सांगू नका, असं म्हणायची सोय राहिलेली नाही, कारण अख्ख्या रत्नागिरीला ती मीच सांगून बसलोय.

माझं मोटार ड्रायव्हिंग स्कूल आहे. गेल्या वर्षी पावसच्या रस्त्याला एका शिकाऊने भलतंच काहीतरी दाबलं न् गाडी काजूच्या झाडावर नेली. कुणाला खरचटलं नाही. पण तेव्हापासून गाडीत बसलो की माझे हात कापायचे, छाती धडधडायची, तोंडाला कोरड पडायची. आता मला सांगा, गाडीला घाबरणाऱ्या मास्तराकडे गाडी शिकायला कोण येईल? हे बाहेर फुटलं तर धंदाच बसला.

म्हणून चोरून एका समुपदेशक बाईंकडे जाऊ लागलो. स्कूटर दोन गल्ल्या सोडून लावायची, तोंडाला रुमाल बांधायचा, घरी सांगायचं दाताला जातोय. बायको म्हणाली, "अहो, नवीन दात पेरलेत की काय? कधी उगवायचे?"

पण बाईंमुळे फरक पडला हो. म्हणून हापूसची पेटी घेऊन गेलो, तर बाई म्हणाल्या, "आमच्या कामात भेट घेत नाहीत." हापूसला नाही म्हणणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं. आता उपकार फेडायचे कसे? घरी येऊन मोबाइलवर त्यांच्या क्लिनिकला पाच तारे दिले आणि खाली लिहिलं, "गाडीची भीती बरीच कमी झाली. आभारी आहे." नाव लिहिलंच नाही, मग भ्यायचं कशाला?

दुसऱ्या दिवशी खाली बाईंचं उत्तर: "आमच्याकडे कोण येतं, कोण येत नाही, हे आम्ही उघड करत नाही. धन्यवाद."

माझं डोकंच फिरलं. म्हणजे मी खोटारडा? आपण कौतुक करावं आणि बाईंनी ओळखही दाखवू नये? लगेच रिव्ह्यूत भर घातली. "मी दर गुरुवारी येतो. खिडकीजवळच्या खुर्चीत बसतो. गाडीत हात कापतात, त्यासाठी येतो. खोटं वाटत असेल तर बाईंना विचारा."

संध्याकाळी बायकोने मोबाइल नाकासमोर धरला. "हे तुम्ही लिहिलंत?"

"छे. कुणीतरी बिननावाचा असेल."

"बिननावाचा? वर आपल्या स्कूलचं नाव आहे. फोटोत आपली गाडी आहे. देवरूखहून ताईने पाठवलंय मला."

स्कूलची जाहिरात टाकायला उघडलेलं खातं, त्यावरूनच मी लिहीत होतो. लिहिलेलं सगळं पुसलं आणि तसाच बाईंकडे धावलो, रुमाल न बांधता.

"बाई, निदान इशारा तरी द्यायचात."

"अहो, तुम्हाला झाकायलाच मी ओळख दाखवली नाही," बाई म्हणाल्या. "तुम्हीच पुरावे द्यायला लागलात."

पुढचा आठवडा काय काढला, माझं मला ठाऊक. फोन वाजला की वाटायचं, आला कुणीतरी नाव कमी करायला. नाक्यावर कुणी हसलं की मी गल्ली बदलायचो. दाराशी चप्पल वाजली तरी दचकायचो.

आणि मग पावसच्या एक काकू आल्या. "तुमचं लिहिलेलं वाचलं," त्या म्हणाल्या. मी खुर्चीतच गार पडलो.

"आधीचे मास्तर सारखे ओरडायचे माझ्यावर. म्हटलं, स्वतः भिणारा माणूस काय ओरडणार? म्हणून तुमच्याकडे आले."

चला, धंदा वाचला. मी छाती काढून गाडीत त्यांच्या शेजारी बसलो. "काकू, अजिबात घाबरायचं नाही," मी म्हटलं. "मी आहे ना."

काकूंनी सीटबेल्ट लावल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही.

"मास्तर," काकू हळूच म्हणाल्या, "डोळे उघडा. अजून चावी फिरवलेली नाही मी."